मांजर लंगडतंय: थांबायचं की निघायचं?

रात्रीचे साडेनऊ. मांजर कपाटावरून खाली उडी मारतं, दोन पावलं टाकतं आणि तिसऱ्या पावलाला पुढचा डावा पाय अधांतरीच राहतो. घरातले सगळे ताटावरून उठून त्याच्याभोवती गोळा. आजी म्हणते, "मुरगळला असेल, सकाळपर्यंत होईल ठीक." नात रडवेली होऊन मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेली. आणि ज्याच्यासाठी हा गोंधळ, ते पंजा चाटत सोफ्याखाली शिरलेलं. नेहमीच्या डॉक्टरांचा दवाखाना आठलाच बंद झालेला. आता निघायचं, सकाळची वाट बघायची, की दोन दिवस काढायचे?

माझ्या घरात आजवर चार मांजरं नांदली आणि या प्रश्नावर मी दोन्ही बाजूंनी चुकलो आहे. एकदा मध्यरात्री रिक्षा करून धावलो, तर तुटलेलं नख निघालं. एकदा निवांत बसलो, तर ते चांगलंच महागात पडलं. त्यातून एक गोष्ट पक्की कळली. मांजर किती जोरात लंगडतंय यावर घाई ठरत नाही. लंगडण्याखेरीज ते आणखी काय करतंय, यावर ठरते. नख मुळाशी तुटलं की मांजर पाय असा उचलून धरतं की जणू हाडाचा चुराच झाला. उलट चौथ्या मजल्यावरून पडलेलं मांजर नुसतं जरासं लंगडत कोपऱ्यात जाऊन बसतं, आणि छातीत मात्र रक्तस्राव चालू असतो.

आधी लांबून बघा

दुखणं लपवणं हा मांजराचा स्वभावच. ते स्वतः शिकारी खरं, पण त्याच्याहून मोठ्या जनावरांची शिकारही तेच. त्यामुळे ते सहसा विव्हळत नाही, गप्प होऊन आडोसा धरतं. घुरघुरण्यावरही विसंबू नका. दुखत असताना, घाबरलेलं असतानाही मांजर घुरघुरतं. नाक कोरडं-गरम लागलं म्हणजे ताप, ही समजूतही सोडून द्या.

म्हणून लगेच उचलू नका. दोन मिनिटं लांब बसून बघा. पाय टेकवतंय का? टेकवून लगेच उचलतंय, की अजिबातच टेकवत नाही? एकच पाय आहे, की मागचे दोन्ही? पाय दुखतोय म्हणून उचललाय, की लुळा पडून मागे फरफटतोय? चालताना मोबाइलवर अर्ध्या मिनिटाचं चित्रीकरण करून ठेवा. दवाखान्यातल्या टेबलावर मांजर दगडासारखं बसून राहतं, एक पाऊल टाकत नाही. तेव्हा डॉक्टरांना तुमच्या वर्णनापेक्षा हे चित्रीकरण जास्त सांगतं.

मग श्वास मोजा. शांत पडलेल्या मांजराची छाती अर्ध्या मिनिटात किती वेळा वर येते ते मोजून दुप्पट करा. झोपेत हा आकडा मिनिटाला ३० च्या आत असायला हवा. कुत्र्यासारखं तोंड उघडून धापा टाकणं मांजराच्या बाबतीत नेहमीचं नाही. विश्रांतीत असं दिसलं तर धोका समजा.

हे दिसलं तर लगेच निघा, रात्र असली तरी

- मागचे पाय अचानक गेले, मांजर कळवळून ओरडतंय, पंजे पुढच्या पायांपेक्षा थंड लागतायत, तळव्याच्या गाद्या फिकट किंवा निळसर दिसतायत. हे लंगडणंच नव्हे. बहुतेक वेळा हृदयाच्या लपलेल्या आजारातून रक्ताची गाठ सुटते आणि पायांकडे जाणारी मोठी धमनी अडवते. कधी पुढचा एखादाच पायही यात सापडतो. हा आजार वाईट आहे, पण वेदना थांबवायला तरी डॉक्टर लागतातच.
- श्वास जोरात, तोंड उघडं, हिरड्या पांढऱ्याफटक किंवा निळसर.
- उंचावरून पडलं, गाडीखाली आलं, गाडीच्या बॉनेटखालून निघालं, किंवा कुत्र्याने धरून हलवलं. वरून काही दिसत नसलं तरीही.
- हाड बाहेर दिसतंय, पाय नको त्या ठिकाणी वाकलाय, रक्त थांबत नाही.
- पाय झपाट्याने सुजतोय, किंवा मांजर लटपटतंय, पापण्या मिटतायत, लाळ गळतेय. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात आणि गावाकडे, सापाचा दंश मनात धरायलाच हवा.
- मार लागल्यावर शेपूट लुळी पडली आहे, किंवा लघवी झालेली नाही. बोका वारंवार लघवीला बसतोय आणि थेंबही येत नाही, तर पाय विसरा आणि निघा.

उंचावरून पडण्याबद्दल थोडं अधिक सांगायला हवं, कारण शहरातली आपली मांजरं आता पाचव्या-दहाव्या मजल्यावर राहतात. मांजर पायांवर पडतं म्हणून त्याला काही होत नाही, असं आपण ऐकत आलो. न्यूयॉर्कमधल्या डॉक्टरांनी इमारतींवरून पडलेल्या १३२ मांजरांची पाहणी १९८७ साली प्रसिद्ध केली. त्यांतल्या बहुतेकांच्या छातीला मार बसलेला होता. पाय मोडलेली मांजरं त्या मानाने कमी होती. उपचार मिळालेल्यांपैकी सुमारे ९० टक्के वाचली, ही त्यातली दिलासा देणारी बाजू. तेव्हा बाल्कनीतून पडलेलं मांजर नुसतं लंगडत घरी आलं, तर पायाआधी छाती तपासायला न्यायचं.

आता पायाकडे या

वरचं काही नसेल, मांजर शुद्धीत असेल आणि हात लावू देत असेल, तर उजेडात बसा. एकाने टॉवेलमध्ये सैल धरायचं, दुसऱ्याने बघायचं. सुरुवात पंजापासून करा, कारण साधी कारणं बहुतेक तिथेच सापडतात. प्रत्येक नख बघा: तुटलंय का, मुळाशी रक्त आहे का, वळून गादीत घुसलंय का. पुढच्या पायाचं आतल्या बाजूचं अंगठ्याचं नख जमिनीला लागत नाही, म्हणून झिजत नाही. म्हाताऱ्या मांजरांत ते गोल फिरून मांसात रुततं. बोटांच्या बेचक्यांत काटा, काच, चिकटलेलं डांबर, च्युइंगगम शोधा. गादी भाजलीय का बघा. उन्हाळ्यातला पत्रा आणि नुकता बंद केलेला गॅस, दोन्ही पंजा भाजतात.

मग केसांतून बोट फिरवत वर या. दुधाच्या पिशवीचं रबर किंवा शिवणाचा दोरा पायाला गुंडाळला गेला की केसांत दिसत नाही, हाताला लागतो. संक्रांतीच्या सुमाराला मांजा हमखास आठवा. दोरा सैल असेल तर कापा. कातडीत रुतला असेल, किंवा त्याखालचा पंजा फुगून गार पडला असेल, तर ते काम दवाखान्यातच करू द्या.

मनगट, कोपर, खांदा; मागे घोटा, गुडघा, खुबा. प्रत्येक ठिकाणी दुसऱ्या बाजूचा पाय शेजारी धरून तुलना करा. सूज, ऊब, ओलसरपणा, वास. सांधे ओढून, पिळून बघायचे नाहीत. मांजर मान वळवून तुमच्या हाताकडे बघू लागलं किंवा अंग आखडलं की जागा सापडली, तिथेच थांबा.

या सगळ्यात एखादा चावा बसला तर? मांजराचे दात सुईसारखे असतात. जखम बारीक दिसते आणि जंतू खोल जातात. वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. मांजर रस्त्यावरचं असेल किंवा त्याला रेबीजची लस दिलेली नसेल, तर तुम्हाला लस घ्यावी लागते. मांजरापासूनही रेबीज होतो. त्याला कुत्राच लागतो असं नाही.

बोक्याचा तिसरा दिवस

माझी महागात पडलेली चूक इथली. आमचा गुंड्या शनिवारी रात्री गच्चीवर भांडून आला. रविवारी किंचित लंगडत होता, पण ताट चाटूनपुसून जेवला. पायाला काही दिसलं नाही. मुरगळला असणार, असं मी ठरवून टाकलं. सोमवारी निम्मंच खाल्लं. मंगळवारी बाथरूममध्ये बादलीमागे जाऊन बसला. सुकटीचा डबा वाजवला तरी कान हलवला नाही. मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात. इथे डोळे मी मिटले होते. डॉक्टरांनी कोपराच्या वरचे केस काढले तर दोन बारीक भोकं, आणि त्याखाली लिंबाएवढं गळू. फोडलं तेव्हा वाटीभर पू निघाला.

बाहेर हिंडणाऱ्या मांजरांच्या लंगडण्यामागे हे कारण फार आढळतं. दुसऱ्या मांजराचा दात आत जंतू सोडतो, वरची कातडी एका दिवसात मिटते, आणि दोन ते चार दिवसांत आत पू साठतो. म्हणजे पहिल्या दिवशी जखम नाही, दुसऱ्या दिवशी थोडी सूज, तिसऱ्या दिवशी ताप. मुरगळलेला पाय रोज थोडा सुधारत जातो, गळवाचं उलट होतं. बोका भांडून आल्याचं माहीत असेल तर दुसऱ्याच दिवशी दाखवा. लवकर सुरू केलेल्या औषधाने पुष्कळदा गळू धरायचंच राहतं. घरी पिळून पू काढायच्या फंदात पडू नका.

पिल्लू आणि म्हातारं मांजर यांचा हिशेब वेगळा

पिल्लू लंगडू लागलं तर आधी ते काय खातं ते आठवा. नुसतं उकडलेलं बिनहाडाचं चिकन किंवा नुसत्या मासळीचे तुकडे हा पिल्लाचा पूर्ण आहार होत नाही. मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम अगदी थोडं. रक्तातला तोल राखायला शरीर हाडांतून कॅल्शियम काढून घेतं, हाडं कागदासारखी होतात आणि सोफ्यावरून मारलेल्या उडीनेही मोडतात. प्रेमाने चिकन भरवलेल्या पिल्लांतच हे दिसतं, म्हणून मालकाला पटत नाही. स्वतःच्या मनाने कॅल्शियमची बाटली सुरू करू नका. मात्रा डॉक्टरांनाच ठरवू द्या. दुसरं कारण विषाणूचं. मांजरांच्या सर्दीचा एक विषाणू सांध्यांत शिरतो. ताप येतो, तोंडात फोड येतात आणि पिल्लू आज या पायाने तर उद्या त्या पायाने लंगडतं. पिल्लाच्या अंगात साठा थोडा. लंगडणाऱ्या पिल्लाने एक वेळचं खाणं टाळलं तरी त्याच दिवशी दाखवा. लस टोचल्यावर एक-दोन दिवस तो पाय दुखणं मात्र चालतं, पिल्लू खेळतंय आणि खातंय तोवर.

म्हाताऱ्या मांजराची गोष्ट उलटी. ते लंगडत नाही, आणि म्हणूनच आपल्याला कळत नाही. बारा वर्षांपुढच्या १०० मांजरांचे एक्स-रे तपासलेला एक अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. ९० मांजरांत सांधे झिजल्याच्या खुणा होत्या. संधिवात बहुतेकदा दोन्ही बाजूंना होतो, मग लंगडायचं कुठल्या पायाने? त्याऐवजी मांजर खिडकीत चढणं सोडतं. आधी खुर्ची, मग टेबल, मग खिडकी असे टप्पे घेतं. पाठीवरचे केस गुंतू लागतात, कारण मान तिथवर वळत नाही. उंच काठाच्या ट्रेऐवजी शेजारीच घाण करतं. आपण म्हणतो, वय झालं. वय झालंच आहे, पण दुखतंयही. यात रात्रीची धावपळ नको. येत्या आठवड्यात वेळ घ्या. मागचे पाय घोट्यापर्यंत जमिनीला टेकवून चालू लागलं, पाणी फार पिऊ लागलं आणि वाळत चाललं, तर साखर तपासून घ्या. मधुमेहात पायांच्या नसा अशाच अशक्त होतात.

आपल्या औषधांचा डबा बंदच ठेवा

या लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल, तर हे: मांजराला पॅरासिटामॉल कधीच द्यायचं नाही. अर्धी नाही, पाव नाही, मधात उगाळूनही नाही. हे औषध मोडून बाहेर टाकायला लागणारी यंत्रणा मांजराच्या यकृतात फारच तुटपुंजी असते. औषधाचा विषारी अंश रक्तातल्या लाल पेशी बिघडवतो. रक्त प्राणवायू वाहून नेऊ शकत नाही. हिरड्या तपकिरी-निळसर होतात, चेहरा आणि पंजे सुजतात. ५०० मिलिग्रॅमची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. चुकून दिली गेली असेल तर लक्षणांची वाट न बघता निघा आणि किती वाजता, किती दिली ते खरं सांगा. त्यावर उतारा आहे, पण तो वेळेत पोचायला हवा.

आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, ॲस्पिरिन यांचंही तसंच. पोट आणि मूत्रपिंड जातात. कुत्र्यासाठी लिहून दिलेली गोळी निम्मी करून देणं हाही तोच जुगार. दुखण्यावरचा बाम लावू नका. मांजर तो चाटून पोटात घेतं. घरातलं जंतुनाशक द्रव आणि फिनेल मांजराच्या कातडीलाही सोसत नाही. जखम धुवायला उकळून कोमट केलेलं साधं पाणी पुरे. हळद थापली तर डॉक्टरांना आधी हळद काढावी लागते आणि मग जखम शोधावी लागते. मोडलेल्या पायाला पट्टी, काठी बांधण्याचा प्रयोगही नको. झटापटीत हाड आणखी सरकतं.

थांबायचं ठरलं तर

पाय थोडा का होईना टेकवतंय, खातंय, पितंय, लघवी-शी नीट होतेय, सूज किंवा जखम नाही, श्वास शांत आहे: हे सगळं एकत्र असेल तरच थांबा. थांबणं म्हणजे विसरणं नव्हे. मांजर एका लहान खोलीत ठेवा, चढण्याजोगं काही ठेवू नका, ट्रे आणि पाणी जवळ द्या. दार बंद. बोक्याने कितीही गळा काढला तरी रात्री सोडू नका. सकाळ-संध्याकाळ तीनच गोष्टी कागदावर लिहा: किती खाल्लं, लघवी झाली का, पाय कालपेक्षा बरा की वाईट.

२४ तासांनी सुधारणा दिसायला हवी. ४८ तासांनंतरही लंगडणं तसंच असेल तर दाखवा. पाय अजिबातच टेकवत नसेल, सूज आली, अंग गरम लागलं किंवा मांजर लपून बसू लागलं, तर त्याच दिवशी. मांजर दिवसभर उपाशी राहिलं तर पायाचं कारण बाजूला ठेवूनही न्यायला हवं. विशेषतः लठ्ठ मांजर काही दिवस उपाशी राहिलं की यकृतात चरबी साठून वेगळाच आजार उभा राहतो. आणि लंगडणं बरं होऊन पुन्हा पुन्हा उलटत असेल, तर "आपोआप जातं" या समाधानावर राहू नका.

निघायचं ठरलं तर

आधी फोन करा. डॉक्टर आहेत का, एक्स-रे होतो का, खायला द्यायचं की नाही, ते विचारा; भूल द्यावी लागली तर पोट रिकामं असलेलं बरं. कॅरिअर नसेल तर झाकणाची टोपली चालेल, किंवा प्लॅस्टिकचे दोन क्रेट एकमेकांवर उपडे घालून दोरीने बांधा. खाली जाड टॉवेल, वरून चादर. स्कूटरवर मांडीत घेऊन जाऊ नका. एका हॉर्नसरशी मांजर हातातून निसटतं आणि दुखऱ्या पायाने रस्त्यावर पळतं. शहराबाहेर असाल तर तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करा. तिथे गायीम्हशींचा राबता जास्त असला तरी प्राथमिक उपचार आणि पुढे कुठे न्यायचं याचा सल्ला मिळतो. मुंबईत परळचं प्राण्यांचं जुनं इस्पितळ आजही लोकांच्या तोंडी 'बैलघोडा' म्हणूनच आहे, पण तिथे मांजरंही येतात.

डॉक्टरांना सांगायच्या गोष्टी मोजक्याच: कधीपासून, पडलं किंवा भांडलं का, बाहेर जातं का, काय खातं, लस कधी झाली, घरी काय दिलं. शेवटच्या प्रश्नाला लाज वाटली तरी खरं उत्तर द्या. आधी कुठली गोळी पोटात गेली आहे त्यावर पुढचं औषध ठरतं.

घरी परतल्यावर दोन कामं करून टाका. रात्री उघडा असणारा जवळचा दवाखाना शोधून त्याचा नंबर फ्रिजवर चिकटवा. बाल्कनीला जाळी लावून घ्या. बोक्याची नसबंदी केली तर गच्चीवरची भांडणं पुष्कळ कमी होतात. गुंड्याची आम्ही त्याच महिन्यात केली.

तुटलेल्या नखासाठी केलेल्या त्या रिक्षाचा मीटर आमच्या घरात अजून थट्टेने आठवतात. तो खर्च मी सोसला. गुंड्याच्या तीन दिवसांचा खर्च मात्र बादलीमागे बसून त्याने सोसला. तेव्हापासून मन दोन्हीकडे ओढलं जात असेल, तर मी टोपली काढतो.